दोन खोल्यांचा टीव्ही

१२ नोव्हें., बुध.
सुषमाने पुण्याहून पाठवलेला टीव्ही आला. पासष्ट इंची. खोका दारातून आडवा शिरेना, उभा केला तर तोरणाला अडकला. मी मधल्या खोलीत पलंगावर. ऐकू सगळं आलं, दिसलं फक्त खोक्याचं एक टोक. अभय दुकान उघडं टाकून आला होता. तेवढ्या वेळात एखादं गिऱ्हाईक पातेलं घेऊन गेलं असतं तरी कळलं नसतं. मी गल्ल्यावर असताना पोराचं असं कधी चाललं नसतं.
सुषमा फोनवर, "बाबा, आता मोठ्या पडद्यावर प्रवचनं ऐका." ऐकायला पडदा मोठा कशाला लागतो, हे विचारलं नाही. लेकीने हौसेने पाठवलंय.
डावा हात तसाच. पाय जरा बरा.

१४, शुक्र.
व्यायामाचे डॉ. वाशिमहून आले. पाय वाकवला, सरळ केला, माझ्याकडून ओरडून घेतलं. जाताना खोक्याकडे पाहून म्हणाले, "काका, हा हॉलमध्येच लावायचा. पाहायचा असेल तर चालत जायचं. इथे आणला तर तुम्ही उठणार नाही."
बैलापुढे कडबा धरतात तसं. पण पटलं. ऑगस्टमधे अर्धांगाचा झटका आल्यापासून हॉल पाहिला तो दवाखान्यात जाता-येता, तोही दोघांच्या खांद्यावरून. ठरलं. हॉलची समोरची भिंत, समोर माझी खुर्ची. साधा फिक्स स्टँड.

१५, शनि.
ठरलेलं एका दिवसात मोडलं. सौ.ला फिरणारा स्टँड पाहिजे. टीव्ही मधल्या खोलीच्या दाराजवळ लावायचा, ओढला की लांब येतो, वळतो. "इकडं वळवला का हॉल, तिकडं वळवला का तुमी," म्हणाली.
मी : "मी हॉलमधे येणार हाय."
ती : "या ना. कोन नाही म्हनते?"
आणि चादरीच्या घड्या घालायला गेली.
म्हणजे यांचं ठरलं आहे. हा माणूस पलंगावरून उठणार नाही, तेव्हा टीव्हीनेच वळावं. राग आला. जेवण नको म्हणालो, पण आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत ताटं उचलली जातात, रुसायला फार वेळ मिळत नाही. अर्धी भाकरी खाल्ली.

१७, सोम.
अभयने रात्री दुकान बंद करून फोनवर स्टँड दाखवले. एक नुसता भिंतीला चिकटून राहणारा. एक मान खाली घालणारा. एकाला भिंतीतून पुढे येणारा एक लोखंडी हात, एकाला दोन. प्रत्येकाखाली लोकांनी लिहिलेलं. कुणी म्हणे उत्तम, कुणी म्हणे टीव्ही पडला. दोघेही खरंच सांगत असतील.
जन्मभर भांडी विकली. धातू हातात घ्यावा, बोटाने वाजवावा, मग बोलावं. फोटो काय वाजवणार.
अभय आईच्या बाजूने आहे. तोंडाने बोलत नाही, पण फिरणारे स्टँड दोनदा दाखवले, फिक्स एकदाच.

२०, गुरु.
सलीम मिस्त्री भिंत पाहून गेला. घरातली वायरिंग त्यानेच केलेली, त्यामुळे घरचाच. समोरची भिंत जुन्या विटांची, आत मातीची जोडणी. म्हणाला, "शेठजी, इथं फिक्स लावा, खुशाल राहील. फिरनारा नका लावू. बाहेर ओढला का सारा वजन बोल्टावर, भितीले घेऊनच खाली येईल."
फिरणाऱ्यासाठी जागा एकच. मधली खोली नंतर स्लॅबची केली तेव्हाचा पिलर, दाराला लागून. आणि तिथे फिक्स लावला तर अर्धा टीव्ही कपाटामागे.
म्हणजे प्रश्न एकदम सोपा झाला. समोरची भिंत म्हणजे मी चालणार. पिलर म्हणजे मी झोपणार.
सौ.ने सलीमला चहा दिला आणि पिलर पुन्हा एकदा ठोकून पाहायला लावला.

२१, शुक्र.
चालून दाखवायचं ठरवलं. काठी, एका बाजूला सौ. उंबऱ्यापर्यंत गेलो. तिथे डावा पाय उचलेचना. उंबरा किती जुना, पण इतका उंच असल्याचं आज कळलं. अभयला दुकानातून हाक मारावी लागली. दोघांनी परत आणलं.
"उद्या जमेल," मी म्हणालो. सौ. कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी होती.

२३, रवि.
अभयने मला न विचारता मागवलेला स्टँड आज आला. फिरणारा, एका हाताचा. माझ्या मांडीवर ठेवला. अंगठीने वाजवला. आवाज बसका. "पत्रा पातळ आहे," म्हणालो.
"बाबा, हे गंज-पातेलं नाही."
बरं, नसेल. दुसरी गोष्ट सांगितली. हात आखूड आहे. टीव्हीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त लांब हात पाहिजे, नाहीतर वळताना कड भिंतीला लागेल. जुने पेपर चिकटवून टीव्हीएवढा कागद करायला लावला, जमिनीवर फिरवून दाखव म्हणालो. अभय म्हणाला, कंपनीने सगळा हिशोब केलेला असतो.
दु. सलीमने लावला. वळवला. अर्ध्यात कड भिंतीला टेकली. ना हॉलकडे तोंड, ना माझ्याकडे. दोन खोल्यांच्या मधे, दाराच्या चौकटीला बातम्या सांगत उभा. सौ.ला हसू आवरेना. मलाही. अभय तेवढा गंभीर. ऑगस्टपासून घरात असं हसणं झालं नव्हतं.

२६, बुध.
स्टँड परत गेला. टीव्ही पुन्हा खोक्यात.
मी संधी साधली. म्हणालो, आता वाद नको, समोरच्या भिंतीवर फिक्स लावा आणि मोकळे व्हा. डॉ.सुद्धा तेच म्हणाले होते. तुम्हा लोकांना मी उठायला नको आहे का?
हे शेवटचं बोलायला नको होतं. सौ. माझी पाठ पुसत होती. टॉवेल तिथेच ठेवला आणि समोर येऊन उभी राहिली.
"तुमाले वाटते सारं तुमच्यासाठीच हाय. मले आता तुमी उचलल्या जात नाही. कंबर गेली माही. सकाळी उठवतो, न्हाणीत नेतो, बसवतो, निजवतो, कोनाले सांगतो का मी? मी हॉलमधे बसली का जीव इथं. इथं बसली का समोरची नुसती भित पाह्यतो. मलेही वाटते ना का संध्याकाळी तुमच्या बाजूले आडवं व्हाव अन् घडीभर काही पाहाव. तुमाले चालाचं असन तं चाला. मी काहून आडवी येऊ?"
मग टॉवेल उचलून उरलेली पाठ पुसली. जरा जोरात.
वाईट वाटलं. दहा दिवस तो स्टँड माझ्याविषयीचा निकाल समजून मी भांडत होतो, आणि तिची कंबर दुखते हे तिने सांगेपर्यंत कळलं नाही. अभयला माहीत होतं. तिला गोळ्या तोच आणून देतो.

२९, शनि.
अभय मालासाठी अकोल्याला गेला. निघताना मीच सांगितलं, फिरणारा घे, दोन हातांचा, लांब. निम्मी रुंदी आणि वर चार बोटं. हातात घेऊन घे.
तिथल्या दुकानातून त्याने फोन लावला. "बाबा, किल्लीने वाजवून राह्यलो, ऐका." खणखणीत. पुन्हा वाजवायला लावला. मागे दुकानदार काहीतरी हसत होता.
"घे," म्हणालो.
सौ. गहू निवडत होती. ऐकलं असणार. वर पाहिलं नाही.

२ डिसें., मंगळ.
लागला. पिलरला चार जाड बोल्ट. सलीमने स्वतः स्टँडच्या हाताला लोंबकळून दाखवलं, त्यानंतरच टीव्ही चढवला. कपाटासमोरून अलगद बाहेर येतो, दारातून सरळ माझ्याकडे पाहतो. काम चांगलं झालं.
जेवणं उरकली, सौ. मंदिरातून आरती करून आली. पलंगाला लागून तिची खाट ओढली, पाठीखाली उशी घेतली. मालिका सुरू व्हायच्या आधीच झोपली. घोरतेसुद्धा, हे ती कधी मान्य करत नाही. मी जाहिराती पाहत राहिलो. बरं वाटत होतं.

३, बुध.
तसंच. आज ती अर्धी मालिका जागी होती. मला कोण कुणाची सून ते समजावलं. समजलं नाही, पण विचारत राहिलो.
व्यायाम राहिला.

५, शुक्र.
डॉ. आले. दारातून आधी टीव्ही पाहिला, मग मला. पाय वाकवून म्हणाले, "या आठवड्यात उठलात किती वेळा?"
सौ. माझ्याकडे पाहू लागली. न्हाणी सोडून एकदाही नाही. मी म्हणालो, थंडी फार आहे.
"काका, पाय परत आखडतोय. आता जे जाईल ते परत यायला..." वाक्य पुरं केलं नाही. चहाही घेतला नाही.
ते गेल्यावर सौ. म्हणाली, "मी त्याले हॉलकडंच वळवून ठेवतो उद्यापासून." मी म्हणालो, तुझी कंबर? संध्याकाळी तिनेच माझ्याकडे वळवला.

६, शनि.
सौ. आरतीला गेली. अभय दुकानात. टीव्ही माझ्याकडे तोंड करून चालू, कुणीतरी तुरीवरची अळी दाखवत होता.
कुणाला न सांगता काठी घेतली. पलंगाच्या कडेला बराच वेळ बसलो. उठलो. उंबऱ्याशी चौकट धरली आणि डावा पाय उजव्या हाताने पँट ओढून पलीकडे टाकला. भिंत धरत खुर्चीपर्यंत. बसलो. घामाघूम झालो होतो. आनंद झाला, एकट्यालाच हसू आलं.
मग समोर पाहिलं. टीव्हीची पाठ. वायरी, एक स्टिकर, स्टँडचे दोन सांधे. अळीवाला माणूस आतल्या खोलीतल्या रिकाम्या पलंगाला फवारणी समजावून सांगत होता. वळवायचा तर उठून दोन्ही हातांनी ओढावा लागणार. उठायचं त्राण नव्हतं, आणि डावा हात कामाचा नाही. बसून राहिलो.
सौ. आली. चपला काढल्या, आधी दारातून आत पाहिलं. पलंग रिकामा. "अवो!" एवढंच ओरडली. मग मी दिसलो. चौकटीला टेकून उभी राहिली, पदर तोंडाशी. रडली की काय ते दिसलं नाही.
पुढे होऊन टीव्हीच्या कडेला हात घातला. "फिरवू का इकडं?"
"नको. बस."
बाजूच्या स्टुलावर बसली. दोघं वायरींकडे पाहत. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आता परत नेऊ कसं तुमाले? मले नाही जमणार एकटीले."
"अभय येईल दुकान बंद करून."
"त्याले टाइम हाय."
"असू दे."
पलीकडे पडद्यावर मालिका सुरू झाली. आवाजावरून कोण बोलतंय ते ती सांगत होती, मी हूं म्हणत होतो. उद्या टीव्हीचं तोंड कुठल्या खोलीकडे ठेवायचं, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.