एकवीस आईन

आबा, काल कुसगावाकडचा एक शेतकरी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला होता. त्यालाही राबासाठी झाडाच्या फांद्यांचा टहाळच हवा होता. मी आता कचेरीबाहेरच्या पिंपळाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तो म्हणाला, "समदं खरं लिव्हा." मी टाक खाली ठेवला आणि म्हटलं, "आधी मला सगळं सांगा. काय लिहायचं ते मग बघू." मी लबाड माणूस असल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं चुकलं नाही. मीही पूर्वी तसंच समजत होतो, की खरं ते पूर्ण लिहिलं म्हणजे काम झालं.

आपला अर्ज मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. मी सोळा वर्षांचा होतो, शाळा सहावीत सुटलेली, आणि गावात अक्षर माझंच चांगलं. त्या साली डोंगराच्या सोंडेवर सरकारनं पांढरे दगड रोवले आणि दगडाच्या वरचं रान राखीव झालं, तिथं टहाळ तोडायला बंदी आली. आपल्या वाटणीची आईनाची झाडं वरच्या बाजूला गेली. तुम्ही म्हणालात, "दगड काल आला. झाडं माझ्या आज्याच्या आधीची." मग चुलीपुढं बसून तुम्ही मला टहाळाची परवानगी मागणाऱ्या अर्जाचा मजकूर सांगितलात. आई भाकरी थापत होती, मधेच म्हणाली, "साहेबाला पाया पडतो म्हनून लिव्हा." तुम्ही म्हणालात, "पाया कशापायी? आमी टहाळ घेतो, शेंडा तोडत न्हाई, झाड मरू देत न्हाई. इतकंच लिव्ह." राब म्हणजे काय हे मात्र मी माझ्या मनानं लिहिलं, कारण गोऱ्या साहेबाला ते कुठून कळणार: भाताच्या रोपाच्या जागेवर टहाळ, शेण, गवत पसरून उन्हाळ्यात भाजतात, त्यानं तण मरतं, रोप जोमानं येतं, नाही भाजलं तर भात होत नाही. ते तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत.

जंगलखात्याच्या साहेबाचा तंबू लोणावळ्याला, आंब्याच्या झाडांत होता. तुम्ही धुतलेलं मुंडासं बांधलं होतं. साहेब खुर्चीत, आपण उन्हात उभे, आणि कारकून अर्ज मोठ्यानं वाचतो आहे. राबापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग त्यानं वाचलं, "या सालीही अर्जदाराने ओढ्याच्या उत्तरेस एकवीस आईन छाटले असून सर्व जिवंत आहेत." कारकून थांबला. त्यानं साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, साहेबानं जंगलाच्या गार्डाकडे पाहिलं. गार्ड हसला आणि म्हणाला, "मी दोन महिने चोर हुडकतोय, आन् ह्यो सोताच आला, ते बी हिशेब घिऊन." कारकुनानं तुम्हाला विचारलं, "हे वाक्य तूच सांगितलंस?"

तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. जास्त वेळ नाही. मग म्हणालात, "व्हय साहेब. पोरगं माज्या सांगन्याबिगार काय लिव्हत न्हाई."

गार्ड जाऊन झाडं मोजून आला. एकवीसच भरली. तुम्हाला पंधरा दिवस आत ठेवलं, कोयता नेला, आणि खाचराच्या कडेला वाळत घातलेला टहाळ गाडीत भरून नेला. त्या साली आपण नुसतं शेण-गवत भाजलं. रोप पिवळं आणि विरळ आलं, तणच त्याच्या वर गेलं. आई भांगलता भांगलता एकदाच म्हणाली, "लिव्हलं नसतं तर?" तुम्ही पुढचं तण उपटलंत.

सुटून आलात तेव्हा मी दाराआड होतो. ओट्यावर बसलेल्या लोकांना तुम्ही सांगत होतात, "हितल्यापरास तितं भात बरा, निवडलेला. आन् आमच्या पोराचा अर्ज असा, साहेबाला एक चूक घावली न्हाई." लोक हसले. मग तुम्ही मला हाक मारलीत आणि लोणावळ्याच्या बाजारातून आणलेला टाक हातात दिलात. "लिव्हायचं सोडू नगं," एवढंच म्हणालात. पुढं तीन वर्षं तुम्ही होतात, त्या वाक्याबद्दल एक शब्द काढला नाहीत, आणि मीही नाही.

कालच्या माणसाचा अर्ज मी चार ओळींत लिहिला. त्यानं किती झाडं छाटली ते त्यानं मला सांगितलं, मी कागदावर घेतलं नाही. अंगठा घेण्याआधी त्याला सगळं वाचून दाखवलं, दोनदा.

तुम्हाला मी सगळं वाचून दाखवलं नव्हतं. कच्च्या कागदावर ते वाक्य नव्हतंच, पक्का करताना मी ते घातलं, मजकूर पूर्ण वाटावा म्हणून. तुम्हाला वाचून दाखवताना तेवढं वाक्य गाळून पुढं गेलो. तुम्ही ते काढायला सांगाल हे मला माहीत होतं, आणि सरकारी फीचं तिकीट लावलेला कागद एकच होता. आबा, त्याच्यावर खाडाखोड झालेली मला नको होती.