जाळीचं फिल्टर

बाबा, आज चंद्रपुरात एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटरवरचं पेट्रोलचं फिल्टर उचललं आणि तोंडाला लावून फुंकलं. दुकानदार पोरसवदा होता. म्हणाला, "आजी, पुंगी नोहे ते." जावयांच्या जुन्या गाडीसाठी आम्ही गेलो होतो, तेही हसले, मीही हसले. घरी आले, चहा टाकला, आणि तो उकळून सांडला तरी मी तिथंच उभी. शेवटी गॅस बंद करून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की मी आता तुमच्याहून म्हातारी आहे, पण लिहिताना अजून पाठ ताठ होते. तुम्हाला पोक काढून बसलेलं चालायचं नाही.

एटापल्लीच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही होता. लोक तुम्हाला ढोर डॉक्टर म्हणायचे, त्याचा आईला राग यायचा, तुम्हाला कधीच नाही. लसीची पेटी मागं बांधून तुम्ही जंगलातल्या टोल्यांवर, वस्त्यावस्त्यांवर जायचात. मोटारसायकल तुमची स्वतःची, दुसऱ्याकडून घेतलेली, आणि आई म्हणायची तसा तिच्यावर पोटच्या पोरीइतका जीव. पेट्रोलपंप दूर. पेट्रोल किराणा दुकानातल्या ड्रममधलं, त्यात गंज, पाणी आणि घासलेट गुण्यागोविंदानं नांदायचे. आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून तुम्ही ते गाळून घ्यायचात, तरी गाडी ऐन रानात रुसायचीच. मग तुम्ही टाकीखालची नळी सोडवून फिल्टर काढता, उलट्या बाजूनं फुंकता, थेंबभर पेट्रोल थुंकता आणि म्हणता, मार किक. किक मी मारायची. कारण पक्का रस्ता संपला, माणसं दिसेनाशी झाली, की तुम्ही खाली उतरून हँडल माझ्या हातात द्यायचात. आई कपाळावर हात मारून म्हणायची, ही का सासरी गाडी चालवत जाईल? तुम्ही म्हणायचात, गेली तर गेली.

मग गडचांदूरचं स्थळ आलं. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात, घर आपल्यासारखंच, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. विहारात हुंड्याविरुद्ध उभं राहून बोलणारे तुम्ही, आणि मध्यस्थ अगदी गोड आवाजात सांगत होता की हुंडा कशाचा घेऊन बसलात, पोराला ड्युटीवर जायला तेवढी गाडी हवी. तेवढी! नवी गाडी आपल्या ऐपतीबाहेरची होती. काही दिवसांनी एके सकाळी तुम्ही आईला सांगितलंत की आपलीच देऊ, नीट करून देऊ. शिकलेली मुलगी मी, मूग गिळून गप्प बसले. मला मुलगा आवडला होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर आता सांगते. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला बजावलं होतं की मला गाडी येते हे काढू नका. त्यांनी विचारलं, मुलीला काय काय येतं, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर ते आलेलं मला दिसलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि शिवणकाम म्हणालात. शिवणकामात मी कशी होते, हे तुम्हाला माहीत होतं.

गाडीच्या सामानासाठी आपण दोघं चंद्रपूरला गेलो. सीट, चेन, केबल अशी खरेदी झाल्यावर दुकानदारानं तीन फिल्टरं पुढं ठेवली. एक कंपनीचं, डबीतलं. एक कागदाचं, स्वस्त. एक आत बारीक जाळी असलेलं, तेही स्वस्तच. तुम्ही मला एकेक हातात घ्यायला लावलंत. फुंकून बघ, अडखळतं का ते. या गाडीला पेट्रोल ढकलणारा पंप नाही, टाकीतून आपसूक उतरेल तेवढंच पेट्रोल, त्यामुळे फार बारीक गाळणी घेतली तर इंजिन उपाशी मरेल. नळीत घट्ट बसतं का पाहा. बाण कुठल्या बाजूला आहे पाहा. दुकानदार आधी कंटाळला, मग काउंटरवर कोपर टेकून ऐकू लागला. कंपनीचं तुम्ही परत केलंत. त्या पैशात स्वस्तातली कितीतरी येतील आणि शेवटी सगळ्यांच्याच नशिबी घाण, असं तुमचं म्हणणं. मग मला विचारलंत.

"कोनतं घ्याचं, तू सांग."

"जाळीचं घ्या. कागद पाण्यानं फुगते."

"जाळीचं धुवा लागते पन. कोन धुईन?"

"मी धुईन," मी म्हणाले.

तुम्ही इतके खूश झालात की दुकानदाराला सांगितलंत, ही माझी पोरगी. जणू त्याला वाटत होतं मी गिऱ्हाईक आहे.

सासरी गाडी अंगणात उभी राहायची आणि तिच्याभोवती पुरुषांचा घोळका. दीर, शेजारी, यांचे कारखान्यातले मित्र. मी पदर सावरून चहा नेऊन द्यायचे आणि आत यायचे. फिल्टर धुवायला वेळ मिळाला नाही असं नव्हे. दुपारी अंगण मोकळं असायचं. पण सासूबाई ओसरीत असायच्या, आणि नव्या सुनेनं गाडीच्या पोटात हात घालायचा म्हणजे आधी सगळंच सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. मग कोरपन्याच्या रस्त्यावर एकदा गाडी बंद पडली. ऊन म्हणजे ऊन. हे किक मारून मारून घामाघूम, प्लग काढला, पुसला, परत लावला. मी बाजूला दगडावर बसलेले. फिल्टर मला बसल्या जागेवरून दिसत होतं, चिखलाच्या रंगाचं. नळी सोडवून फुंकलं असतं तर आम्ही तेव्हाच घरी पोचलो असतो. यांनी गाडीला लाथ मारली आणि म्हणाले, तुझ्या बापानं खटारा गळ्यात बांधला. मी पदरानं वारा घेत राहिले. असं आणखी काही वेळा झालं आणि यांनी ती विकून टाकली. तिकडे तुम्ही सायकलवर लसीची पेटी बांधून चढ चढत होता, आणि आईनं मला पत्रात लिहिलं होतं की तुझ्या बाबाचे गुडघे रात्री शेकावे लागतात.

तुम्ही भेटायला आलात तेव्हा सगळ्यात आधी अंगणाकडे पाहिलंत. यांनी हसत सांगितलं, "खटाराच होती मामाजी, रोज बंद पडे." तुम्ही म्हणालात, हो, जुनीच होती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तुम्ही ते ऐकून घेतलंत, जशी चूक तुमचीच. जेवलात, सासूबाईंना नमस्कार केलात, आणि मी तुम्हाला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. बसला वेळ होता. तुम्ही खाली बघत विचारलंत,

"फिल्टर धूत होती ना माय तू?"

"मले कुठी समजते बाबा त्यातलं."

तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हो, खरंच. तुले काऊन समजन." आणि पिशवी उचलून बसमध्ये चढलात. त्यानंतर मी तुम्हाला पाहिलं ते सरकारी दवाखान्यात, आणि तेव्हा तुमचं बोलणं बंद झालं होतं.

हा कागद आता कुठल्या पेटीत टाकणार, आणि कोणता पोस्टमन नेणार? घडी घालून उशीच्या अभ्र्यात ठेवेन, धुवायला काढताना भिजून जाईल. तेवढ्यात एक सांगून घेते. मला समजत होतं, बाबा. सासरी कळेल या भीतीनं बोलले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला पटवत आले. पण त्या दिवशी बसस्टँडवर आपण दोघंच होतो.