एम.एस. म्हणजे नेमकं काय?

चंदीगड, १२ फेब्रुवारी १९८८

आज जिंकले!

विद्यापीठाच्या औषध-पुस्तिकेची शेवटची प्रुफं वाचत होते. तातडीच्या औषधांच्या यादीत नुसतं 'एम.एस.' छापलेलं. संपादक चोप्रासाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "मॅडमजी, ये तो सबको पता है।"

मी साधी मुद्रितशोधक. गप्प बसायचं का? पण मन मानेना. व्हरांड्यात दोन तरुण डॉक्टर भेटले, एक मुलगा आणि एक मुलगी; त्यांना विचारलं. तो म्हणाला, मॉर्फिन सल्फेट. ती म्हणाली, मॅग्नेशियम सल्फेट. दोघंही छातीठोकपणे! एक वेदनेवरचं, दुसरं झटक्यांवरचं. एम.एस. वाचून कुणी भलतंच टोचलं असतं तर?

दोघांना तसंच साहेबांपुढे उभं केलं. साहेबांचा चेहरा उतरला. पंजाबातल्या दहशतीमुळे कधीही कर्फ्यू लागेल, या धास्तीनं शेजारच्या मनीमाजऱ्यातला छापखाना लवकर बंद होणार होता. त्यांनी स्वतः फोन फिरवला. "छपाई रोको जी। पूरा नाम छपेगा।"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बैठिए। अब सारे संक्षेपों की सूची आप ही बनाएँगी।"

नऊ वर्षांत साहेबांच्या खोलीत मी आज पहिल्यांदा खुर्चीवर बसले.