चहाच्या सुट्टीतलं चार्जिंग

अण्णा,

कागदावर काहीही लिहायचं तर आधी वर श्री लिहायची माझी सवय. आज ती जागा सोडून खालून सुरुवात केली आहे. का ते सांगते, पण सवडीने सांगते, कारण दमले आहे. कागदही नवा घेतला नाही. बॅटरीवाल्यांची तीन कोटेशनं आली होती, त्यातली दोन आता कामाची नाहीत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते आहे. तुम्ही असतात तर आधी कागद उलटा करून कोटेशनच वाचलं असतंत.

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा मधलं थोडं सांगायला हवं. यांची नोकरी सुटल्यावर आम्ही वाघोलीला एक गोडाऊन भाड्याने घेतलं. दुसऱ्यांचा माल सांभाळायचा, आला की उतरवून रॅकवर ठेवायचा, मागितला की गाडीत चढवायचा. माल बिस्किटांचा, शेवयांचा, म्हणून डिझेलचा धूर चालत नाही. त्यासाठी बॅटरीवर चालणारी फोर्कलिफ्ट घेतली. मी दहावीपुढे शिकले नाही, पण तिथली लिखापढी, वीजबिल, माणसांची हजेरी माझ्याकडेच आहे. फोर्कलिफ्ट चालवायला यवतमाळकडचे एक भाऊ आहेत, चाळिशीचे, बायको आणि दोन मुली घेऊन इकडे आलेले. कमी बोलतात, मला काकू म्हणतात. खंडेनवमीला मशीन पुसून लख्ख करतात आणि मी हळदकुंकू वाहीपर्यंत चपला काढून उभे राहतात. ही फोर्कलिफ्ट पहिल्यांदा दारात आली, तेव्हा मी तिचं झाकण उघडायला लावलं होतं. आत तुमच्या बॅटरी रूममधल्यासारखे दोन दोन व्होल्टचे चोवीस डबे ओळीने बसलेले पाहिले आणि तुम्हीच भेटलात असं वाटलं. घरी येऊन यांना तसं म्हटलं तर म्हणाले, "बरं झालं, जावयाची चौकशी केली का त्यांनी?"

ती बॅटरी या दिवाळीनंतर खंगत गेली. सकाळी पूर्ण भरलेली दाखवायची आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत मान टाकायची. एकदा तर खोक्यांची थप्पी वर उचललेली, आणि गाडी जागीच थांबली. हे म्हणाले, "माल उचलायला मशीन घेतली, आता मशीन ढकलायला माणसं घेऊ." हसलं कोणीच नाही. ज्यांचा माल ठेवतो त्यांचा फोन आला की यापुढे संध्याकाळीही गाड्या भरायच्या, जमत नसेल तर तसं कळवा. मग बॅटरीवाल्याचा माणूस बोलावला. त्याने एकेका डब्यात ती काचेची नळी बुडवून पाणी वर ओढून पाहिलं, तुम्ही बघायचात तसंच, नळी डोळ्यांच्या रेषेत धरून. मला त्याच्या हातावरून नजर काढवेना. तो म्हणाला की प्लेटींवर पांढरा थर बसलाय, ही आता वाचत नाही. आणि मग यांच्याकडे वळून म्हणाला, "काका, ही म्हातारी होऊन मेलेली नाही. कोणीतरी हिला अर्धा अर्धा तास चार्जिंगला लावून मारलंय."

हे भाऊंकडे बघत राहिले. भाऊंनी मान खाली घातली. मी तिथेच होते, अण्णा, हातात गाड्यांची नोंदवही घेऊन.

कारण भाऊंना तसं लावायला मीच सांगितलं होतं. चहाची सुट्टी झाली की लावा, जेवायला बसलात की लावा, गाडी यायला उशीर असेल तर लावा. चार्जर नुसता भिंतीला टांगलेला आणि मशीन रिकामी उभी हे मला बघवायचं नाही. आपल्या हडपसरच्या घरात नळाला पाणी आलं की जे भांडं अर्धं असेल ते भरून घ्यायचं, मग ती कळशी असो की वाटी. आईने तेच शिकवलं, माझ्या हाडात तेच बसलं. भाऊ पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "काकू, असं तुकड्यातुकड्यानं लावू नये म्हणते लोकं, जी." मी म्हटलं होतं, आमचे वडील जन्मभर बॅटरी रूमला होते, मला सांगू नका.

मी बारा वर्षांची आहे. गुरुवार आहे, कारखान्यांची सुट्टी, आणि मी तुमचा डबा घेऊन फाटकातून आत येते आहे. सगळा कारखाना गप्प आहे, फक्त तुमच्या खोलीतला पंखा घरघरतोय. दार सताड उघडं, कारण चार्जिंगला लावल्या की त्यातून गॅस सुटतो आणि एक ठिणगी पुरते, हे तुम्ही मला दर वेळी सांगता. आठवडाभर राबलेल्या बॅटऱ्या ओळीने लावलेल्या आहेत, गुरुवारी त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ भरायचं असतं. तुमच्या खाकी पँटला गुडघ्याखाली ॲसिडची भोकं आहेत, आईने प्रत्येकावर ठिगळ लावलंय, ठिगळालाही भोकं आहेत. तुम्ही खायच्या सोड्याच्या पाण्यात हात बुडवता, मग साबणाने धुता, मग डबा उघडता. आपल्या घरी सोड्याचे दोन डबे असायचे, एक भज्यांचा, एक तुमचा. मी विचारते की यातली एक आता रिकामी आहे तर तुम्ही जेवेपर्यंत तरी तिला लावून ठेवू, तेवढीच भरेल. तुम्ही घास हातात धरून माझ्याकडे बघता. "ती कळशी नाही गं. आठ तास राबते, आठ तास खाते, आठ तास निजते. अधेमधे चारून चारून जनावर मरतं, तशी ही मरते." आणि मी तरीही बटणाकडे हात नेल्यावर तुम्ही ओरडलात. तुमचं ओरडणं मला आयुष्यात तीनदाच माहीत, त्यातलं ते एक.

त्या गुरुवारांचा मला राग होता. बाकीच्या मुलींचे वडील सुट्टीला घरी असायचे. आई गुरुवारचा उपास करायची, संध्याकाळी तिच्या आरतीलाही तुम्ही नसायचात. मला वाटायचं तुमचं कामच तसं. तुम्ही गेल्यावर, गहू निवडता निवडता आईने सहज सांगितलं की एका वर्षी शुद्ध पाण्याचा कॅन संपला म्हणून तुम्ही नळाचं पाणी डब्यांमध्ये घातलंत, बॅटरी खराब झाली आणि ठपका तुमच्या कामावरच्या जोडीदारावर आला. त्याला काढणार होते. तुम्ही साहेबांपुढे जाऊन उभे राहिलात की पाणी मी घातलं. नोकरी दोघांचीही राहिली, पण तुमच्या सगळ्या सुट्ट्या त्या खोलीला लागल्या. आई म्हणाली, "तोंड मिटून बसले असते तर घरी जेवले असते." मला तेव्हा आईचंच पटलं होतं.

आता कोटेशनांचं सांगते. पहिलं जुन्याच बॅटरीला नव्या प्लेटी घालून देणाऱ्याचं, सगळ्यात स्वस्त. दुसरं तशाच नव्या, पाण्याच्या बॅटरीचं. तिसरं लिथियमचं. यांनी दुसरं कोटेशन पुढे ओढलं आणि म्हणाले की बॅटरी हीच घ्यायची, ही चांगली चालते, फक्त माणूस बदलायचा. तो असताना नवी आणणं म्हणजे नवी मारायला आणणं. भाऊंना महिनाअखेर जायला सांगायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

म्हणजे बॅटरी कुठली घ्यायची हे जुनी कोणी मारली यावर येऊन ठेपलं होतं, आणि ते मला माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि बोलले ते संध्याकाळच्या गाड्यांबद्दल. म्हटलं, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ काम असेल तर पाण्याच्या बॅटरीला खायला आणि निजायला वेळ कुठून आणणार? दुसरी जोडीला ठेवावी लागेल, ती बदलायला क्रेन लागेल, खाण्याच्या मालाशेजारी गॅस नको म्हणून वेगळी खोली लागेल. लिथियमला पाणी नको, खोली नको, चहाच्या सुट्टीत लावली तरी ती मरत नाही. हे सगळं खरं आहे, अण्णा. एक शब्द खोटा नव्हता. हे चष्मा काढून म्हणाले, "तू आणि तिन्हीतलं सगळ्यात महाग? बरं वाटतंय ना तुला?"

लिथियमवाला माणूस माप घ्यायला आला, तेव्हा मी त्याला विचारलं की तुमची बॅटरी हलकी, मग मागचं वजन कुठून आणणार? पुढे माल उचलला की मागून गाडी उचलली जाईल. तो तरुण इंजिनिअर कागद घेऊन थांबलाच. म्हणाला की तेवढ्या वजनाच्या लोखंडी प्लेटी पेटीत घालूनच देतो, पण काकू, हे कोणी विचारत नाही. जुन्या पेटीवरचं वजन मी त्याला कोटेशनमध्ये लिहून द्यायला लावलं. बॅटरी ही मशीनचं पोट तर आहेच, बूडही आहे, हे तुम्ही मला डब्याच्या झाकणावर चमचा तोलून दाखवलं होतंत. तुमचं शिकवणं तेवढं मी वापरलं. साहेबांपुढे जाऊन उभे राहिलात, ते वापरलं नाही.

यांनी मग विचारलं, "आणि त्या माणसाचं काय?" मी म्हटलं, लिथियमला एवढी जपणूक लागत नाही, राहू द्या त्यांना. हे कबूल झाले. भाऊंना बोलावून म्हणाले, "काकूंनी शब्द टाकला म्हणून राहिलात. पुन्हा असं व्हायला नको." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "उपकार झाले, काकू," म्हणाले. टोमणा असता तर बरं झालं असतं. दोन मुलींच्या शाळेची फी ज्याच्या पगारावर आहे, त्याला टोमणा परवडत नाही.

काल नवी बॅटरी बसली. मी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, भाऊ चपला काढून उभे होते. अकराला चहा आला. चार्जरची वायर हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "काकू, आता लावू ना, जी?"

मी म्हटलं, "लावा."

यांना मी अजून सांगितलेलं नाही. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, तुमचं ते ओरडणं मी विसरले नव्हते. भाऊंना पहिल्यांदा वायर लावायला सांगितली त्या दिवशीही ते मला नीट आठवत होतं. मला वाटलं, हल्लीच्या बॅटऱ्या वेगळ्या असतील.

कागद संपत आला. हा कुठे पाठवायचा नाही, पोथीच्या कापडात ठेवून देईन. वर श्रीची जागा सोडली आहे, हे यांना सांगेन तेव्हासाठी. दोनदा पेन नेलं तिथपर्यंत.