कीरतचा जुना युनिफॉर्म

फरीदाबाद,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय देवयानीताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझे फोन उचलले नाहीत, रागावली असशील. फोनवर तू 'कशी आहेस' विचारलंस की मला पुढचं बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय. इथली थंडी ओसरली. यशोधनला बरीच अक्षरं यायला लागलीत. नचिकेतचं नेहमीचंच, सकाळी मेट्रो धरतो तो रात्री घरी. अवनी बरी आहे. खोकलाही यंदा कमी.

दिवाळीत तू म्हणालीस, 'पोरीला शाळेत घाल.' मला ते इतकं लागलं की मी बोलणंच टाकलं. इथल्या धुरकट हवेपायी शाळा सारखी बंद व्हायची, पोर खोकून बेजार, म्हणून तिला घरी शिकवायचं मीच ठरवलं होतं ना. आणि सुरुवात छान होती गं. पोळ्या लाटताना पाढे, मटार सोलताना बेरजा. मग हळूहळू बेरीज अर्धी राहायची आणि कुकर मात्र वेळेवर व्हायचा. दूध, कपडे, यशोधनचं रडणं. 'थांब, एवढं झालं की बसूया,' असं मी दिवसभर म्हणायचे. ती थांबायची. किती शहाणी मुलगी, म्हणून मला कौतुकच वाटायचं.

मागच्या मंगळवारी नचिकेत लवकर गेला. अवनीला आत वाचायला बसवून मी मशीन लावलं, यशोधनला आंघोळ घातली, भाजी फोडणीला टाकली. फोन वाजला. एका शाळेच्या ऑफिसातून बाई बोलत होत्या, "मॅडम, अवनी आपकी बेटी है? वो हमारे यहाँ बैठी है।"

मी म्हटलं, नाही, ती तर आत वाचतेय. फोन कानाला तसाच ठेवून आत गेले. खोली रिकामी.

समोरच्या कीरतचा आखूड झालेला युनिफॉर्म तिने खेळायला म्हणून मागून आणला होता. तो घालून ती कीरतबरोबर गेटवर गेली आणि शाळेच्या बसमध्ये चढली. नवीन ॲडमिशन असेल असं सगळ्यांना वाटलं. हजेरीत नाव नाही तेव्हा कळलं. माझा नंबर तिला पाठ होता. मीच करून घेतला होता.

यशोधनला कडेवर घेऊन ऑटोने गेले. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, ती वर्गातच बसायचं म्हणतेय, म्हणून बसू दिलं. दाराच्या काचेतून पाहिलं तर हात वर करून बसलेली. टीचरने विचारलं आणि ती उभी राहून बोलायला लागली. मला ऐकू आलं नाही. पण तिचं बोलणं संपेपर्यंत टीचर तिच्याकडेच बघत होती.

परत येताना विचारलं, "मला न सांगता का गेलीस?"

"सांगायला आले होते. तू थांब म्हणालीस."

ती कधी आली होती, ताई, मला आठवतसुद्धा नाही. नचिकेतला मी हे सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, पोरीने गंमत केली. शेजारणींना तो हसत हसत सांगतो आणि मीही हसते.

एप्रिलपासून त्याच शाळेत तिचं नाव घातलंय. कीरतशेजारी बसायला मिळेल का, हेच रोज विचारते. खुश आहे. धुराचं काय होईल ही भीती आहेच, पण आता मागे फिरायचं नाही.

काल सकाळी गॅस बंद केला, सगळं तसंच टाकलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. पुस्तक उघडलं. तर म्हणाली, "आई, तू तुझं काम कर ना. मी करते माझं माझं." चिडून नाही गं. अगदी समजुतीने, मोठ्या माणसासारखं.

मी उठले नाही. तिच्या शेजारी नुसती बसून राहिले. तिने पान उलटलं, माझ्याकडे बघितलं नाही.

एप्रिलच्या आधी चार दिवस येऊन जा. घरात आम्ही तिघं असतो दिवसभर, तरी मला फार एकटं वाटतं.

तुझीच धाकटी,
पद्मजा