विहिरीच्या तळाशी कंदील पुन्हा टांगण्याबाबत

दिनांक : ३ एप्रिल १९७३

प्रति,
मा. यंत्र पर्यवेक्षक अधिकारी,
विहीर खोलीकरण पथक क्रमांक चार,
मुक्काम नळदुर्ग, जिल्हा उस्मानाबाद.

अर्जदार : बब्रुवान कोंडीराम सरवदे, आपल्या पथकाचा माजी इंजिन ड्रायव्हर, हल्ली मुक्काम मौजे अंजनखडकी.

विषय : अंजनखडकीच्या सार्वजनिक विहिरीतील हवा तपासण्याचा कंदील आपल्या आदेशाने वर नेण्यात आला, तो पुन्हा तळाशी लावण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दिनांक ६ फेब्रुवारी १९७३.
२) माझे अर्ज दिनांक ८ फेब्रुवारी, २ मार्च व १२ मार्च १९७३.

मेहेरबान साहेब,

माझे वरील तिन्ही अर्ज आपल्या कार्यालयात पोचल्याची पोच माझ्याजवळ आहे. उत्तर नाही. ते अर्ज मी नोकरीत असल्याने मुकादमामार्फत आणि थोडक्यात लिहिले होते. आता मी नोकरीत नाही, म्हणून सर्व हकिकत सुरुवातीपासून लिहितो. अर्ज लांबला तर क्षमा असावी.

मी सातवी पास असून नऊ वर्षे डिझेल इंजिनावर काम केले आहे. गेल्या डिसेंबरात पथकाचे आठ अश्वशक्तीचे इंजिन घेऊन मी अंजनखडकीला आलो. गावात हीच एक विहीर ओली होती. पाणी साठ फुटांखाली गेलेले होते. पंप पंचवीस फुटांपेक्षा खोलवरून पाणी ओढत नाही हे आपण जाणताच, म्हणून इंजिन आणि पंप विहिरीतच पन्नास फुटांवर लोखंडी गर्डर टाकून बसवावे लागले. खाली अकरा माणसे खडक फोडत होती. इंजिन बंद ठेवले की अर्ध्या तासात पावले बुडतील इतके पाणी पाझरते आणि पाण्याखालचा खडक फुटत नाही. शिवाय उपसलेले तेच पाणी गाव पिते. त्यामुळे माणसे खाली असतानाच इंजिन चालवावे लागते, आणि इंजिनाचा सगळा धूर विहिरीतच सुटतो.

माझे उस्ताद बसवराज यांनी मला पहिल्या दिवशी जे शिकवले ते असे की, विहिरीत इंजिन उतरवले तर तळाशी, माणूस वाकतो तेवढ्या उंचीवर, एक पेटता कंदील टांगायचा. ज्योत मलूल झाली की इंजिन बंद करायचे, सगळ्यांनी वर यायचे, हवा निवळली की पुन्हा उतरायचे. मी तसेच केले. कंदिलावर लक्ष ठेवण्याचे काम सारजाबाई या बाईंनी आपण होऊन घेतले. त्या पन्नाशीच्या होत्या. त्यांची मुलगी शिवगंगा वर रहाटावर होती. सारजाबाई पाटी भरता भरता ज्योतीकडे बघत आणि खालून ओरडत, "ड्रायव्हर, दिवा बसाय लागला बग!" मी इंजिन बंद करी. जानेवारी महिन्यात असे सतरा वेळा झाले. कोणालाही इजा झाली नाही.

परंतु सतरा वेळा इंजिन बंद झाल्याची नोंद प्रगतीच्या तक्त्यात गेली. त्यामुळे आपण ५ फेब्रुवारीस तपासणीला आलात. आपण विहिरीच्या काठावरून पाहिलेत. आपण खाली उतरावे अशी मी विनंती केली होती, परंतु आपल्याला त्याच दिवशी आणखी दोन विहिरी पाहायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी पत्र आले. त्यातील वाक्य जसेच्या तसे लिहितो : "कंदील अयोग्य जागी असल्याने वारंवार विझतो व कामात खंड पडतो. तो विहिरीच्या तोंडाशी रहाटाच्या खांबाला लावावा. यापुढे कंदील विझल्याशिवाय इंजिन बंद करू नये."

त्या दिवसापासून कंदील एकदाही विझला नाही. आपण समाधान व्यक्त केल्याचे मुकादम आबाराव यांनी आम्हांस वाचून दाखवले. साहेब, खांबाला लावलेला कंदील मोकळ्या वाऱ्यात जळतो. तळाशी काय चालले आहे हे त्याला कसे कळणार, हेच मी ८ फेब्रुवारीच्या अर्जात विचारले होते.

कंदील खाली नेता येत नसेल तर धुराचा नळ तरी वर काढावा, अशी मी २ मार्चच्या अर्जात विनंती केली. त्यासाठी लागणारा जुना नळ पथकाच्या गोदामात पडून आहे. मी स्वतः नळदुर्गला जाऊन तो पाहिला. गोदामातील कारकून म्हणाले, "इंजिन सरकारी आहे. त्याच्या नळाला जोड दिला आणि उद्या काही बिघडलं, तर सही कोणाची दाखवायची?" मी म्हणालो, माझी दाखवा. ते म्हणाले, "तुमची सही चालत नाही."

दिनांक ९ मार्च रोजी दुपारी दोनच्या सुमारास पहारीने खडक फोडणारा बंडप्पा खाली बसला आणि म्हणाला, "डोस्कं लई जड झालंय." मी गर्डरवरून वर खांबाकडे पाहिले. कंदील स्वच्छ जळत होता. आदेशाप्रमाणे इंजिन बंद करता येत नव्हते. मी किती वेळ तसाच उभा राहिलो ते मला नक्की सांगता येणार नाही. पाच मिनिटे असावीत. साहेब, ही पाच मिनिटे मी चौकशीत सांगितली नाहीत. ती इथे लिहून देतो, कारण ती आपल्या आदेशाची जितकी आहेत तितकीच माझीही आहेत. तेवढ्यात सारजाबाई पाटीवर ओणव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मी इंजिन बंद करून दोराने खाली उतरलो. बंडप्पाला आणि त्यांना बाजेला बांधून वर घेतले. रहाट शिवगंगाच ओढत होती. आई वर आल्यावर तिने तोंडावर पाणी मारले, हातपाय चोळले, आणि मला विचारले, "मायनं हाक न्हाय का मारली?" बंडप्पा तासाभराने शुद्धीवर आला. सारजाबाई बैलगाडीत, गावाच्या शिवेच्या आत, वारल्या.

चौकशीचा निष्कर्ष आबारावांनी वाचून दाखवला. घटनेच्या वेळी कंदील व्यवस्थित जळत होता, यावरून विहिरीतील हवा शुद्ध होती असे सिद्ध होते. सबब मृत्यू अशक्तपणामुळे झाला. मी १२ मार्चच्या अर्जात एवढेच लिहिले की निष्कर्ष लिहिणाऱ्या साहेबांनी इंजिन चालू असताना दहा मिनिटे तळाशी उभे राहावे. तो अर्ज उद्धट होता असे मला सांगण्यात आले. तसे असल्यास माफी मागतो, परंतु विनंती मागे घेत नाही.

आबारावांविषयी माझी तक्रार नाही. ते याच गावचे आहेत. मी कंदील खाली नेण्याचा विषय काढला तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "बब्रुवान, दिवा खाली आला की काम थांबतंय. काम थांबलं की साहेब इंजिन दुसरीकडं नेत्यात. मंग गाव काय पेईल? मला कळत न्हाय असं वाटतंय व्हय तुला?" त्यांना कळत होते. सगळ्यांनाच कळत होते. सारजाबाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा खाली उतरले आणि त्यांच्या जागी शिवगंगा उतरली. उतरताना ती मला एवढेच म्हणाली, "मायच्या वाटचा खडक म्या फोडते. पर दिवा खाली ठिवा."

म्हणून १९ मार्च रोजी मी कोणाचीही परवानगी न घेता कंदील खांबावरून काढून तळाशी टांगला. इंजिन सुरू केल्यापासून अकराव्या मिनिटाला ज्योत निळी पडली आणि विझली. मी इंजिन बंद केले. सर्व माणसे आपल्या पायांनी वर आली. त्या दिवशी असे चार वेळा झाले. तिसऱ्या दिवशी पथकाची जीप आली आणि आदेशभंगाबद्दल मला कामावरून कमी करण्यात आले. कमी केल्याबद्दल या अर्जात काही मागणे नाही. नवीन ड्रायव्हरला मी कंदिलाचे सांगितले. तो म्हणाला, "मला दोन पोरी आहेत." त्याचेही बरोबर आहे. कंदील पुन्हा खांबावर गेला.

आजपर्यंत विहीर एकाहत्तर फूट झाली आहे. मोठा झरा लागलेला नाही. लागेल असे मला वाटत नाही, कारण आता काळा अखंड खडक लागला आहे. शिवगंगा आज सकाळीही खाली उतरली. मी काठावर बसून असतो आणि अधूनमधून नावाने हाका मारतो. सगळ्यांनी ओ दिली की पुन्हा गप्प बसतो. गावकरी म्हणतात, गाव सोडून जा. दिवसभर हाका ऐकून त्यांना भीती वाटते.

साहेब, हे सर्व लिहूनही कंदील खाली जाणार नाही, हे मला कळते. काल आपले परिपत्रक विहिरीवर वाचण्यात आले. त्यात अंजनखडकीचे इंजिन नऊ तारखेला दुसऱ्या गावी न्यावे असे आहे. आणि इथली कंदिलाची व्यवस्था पथकाच्या सर्व सात विहिरींवर लागू करावी असेही आहे, कारण तिच्यामुळे इंजिन बंद राहण्याचे प्रमाण कमी झाले.

तरी विषयात लिहिलेली माझी विनंती नामंजूर झाली असे मी धरून चालतो, आणि तिच्या जागी एक लहान विनंती करतो. इंजिन पुढे कोणत्या गावी जाणार त्या गावाचे नाव मला कळवावे. आपल्या कार्यालयात विचारले असता ती कार्यालयीन बाब असल्याचे सांगण्यात आले. मी तिथे जाऊन इंजिनाला हात लावणार नाही, कंदिलालाही लावणार नाही. खाली उतरणारी माणसे काठावर जमतील तेव्हा त्यांना फक्त सांगेन की डोके जड झाले तर वर बघत बसू नका, रहाटाचा दोर ओढून खूण करा. गाव कितीही लांब असले तरी चालेल. मी पायी निघेन, म्हणून नाव आठ तारखेच्या आत मिळावे.

सोबत : आपल्या ६ फेब्रुवारीच्या पत्राची नक्कल. तळाशी काम करणाऱ्या अकरा जणांचे अंगठे.

आपल्या उत्तरासाठी काठावर थांबलेला,
बब्रुवान कोंडीराम सरवदे