टाळ्यांनी दिलेली खुर्ची

प्रिय बाबा,

“भाऊ, भाषन तुमचं, पन मत माह्यं हाये.” पांढरकवड्याच्या जिनिंगसमोर कमलामावशी तुम्हाला हे म्हणाली, तेव्हा मी शाळेत होते. तुम्ही आमदार, मजुरांच्या संघटनेचे अध्यक्ष; ती सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, रेच्यावर, कापूस टाकणारी बाई. काल तुमच्या शोकसभेत ते वाक्य सारखं आठवत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

त्या दिवशी तुम्हाला संप हवा होता. नेहमीसारखं मडकं फिरलं. संप हवा असेल तिने सरकी टाकायची, नको असेल तिने तुरीचा दाणा. हात पदराखाली, शेजारणीलाही कळू नये म्हणून. मडकं उपडं केलं तर तूरच तूर! ऐन हंगामात काम सोडणं बायकांना परवडणारं नव्हतं. तुम्ही घरी आलात आणि जेवला नाहीत. सकाळी मात्र मालकाकडे गेलात, बायकांनी सांगितलं तेवढंच मागायला: प्यायचं पाणी आणि लेकरांसाठी सावली. लोक हसतील, असं आई म्हणाली. हसू दे, त्यांचा हक्कच आहे तो, असं तुम्ही म्हणालात.

पुढे मी यवतमाळला राहून लेख लिहीत बसले. मडकं फिरायचं कधी थांबलं, मला कळलंही नाही. तुम्ही आजारी पडलात आणि प्रेमापोटी माणसं तुमच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणू लागली. तुम्ही का नाही थांबवलंत त्यांना?

काल कुणीतरी माईकवर जाहीर करून टाकलं की आता ताईच अध्यक्ष. टाळ्या झाल्या, माझ्या गळ्यात हार आला. पहिल्या रांगेत कमलामावशीही टाळ्या वाजवत होती! तिची सून सुनीता आता त्याच जिनिंगमध्ये आहे. तिला अध्यक्षपदासाठी उभं राहायचं होतं ना, असं मी मावशीला बाजूला घेऊन विचारलं.

“होतं वो माय,” ती डोळे पुसत म्हणाली. “पन तू भाऊची पोरगी. भाऊचा फोटो समोर असतांनी तुले नाही कसं म्हनाव?”

बाबा, तुमच्या तोंडावर नाही म्हणणाऱ्या बाया तुमच्या फोटोपुढे गप्प झाल्या. तुम्ही गेल्याइतकंच हेही लागलं मनाला.

खुर्ची मला हवी आहे. खोटं कशाला बोलू? तुमचं अर्धं राहिलेलं काम करावंसं फार वाटतं. पण आज सकाळी सुनीताकडे जाऊन सांगून आले की रविवारी मडकं फिरेल, तुझ्या नावाची सरकी, माझ्या नावाची तूर.

“ताई, पडसान तुमी,” ती म्हणाली आणि हसली. मला भ्यायली नाही, तेवढं बरं वाटलं.

शब्द देते, बाबा: त्या दिवशी तुमचा फोटो भिंतीवर नसेल, आणि मडक्यातून जे निघेल ते मी मानेन.

एकच मागणं आहे. आपलं मत कुणाला, हे तुम्ही आईलाही कधी सांगितलं नाहीत; मलाही सांगणार नाही, ठाऊक आहे. तरी विचारते. आम्हा दोघींपैकी तुम्ही कुणाला निवडलं असतं?

तुमची,
मंदा